घरच्या घरी ठसे छपाई आणि नैसर्गिक रंग: सांगलीच्या बाजारातल्या सामानात कसं जमवायचं

मला कापडावर ठसे मारायचा नाद लागला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि लगेच गॅसवर पातेलं चढवायचं, असा प्रकार. चार ओढण्या, एक चादर आणि सासूबाईंचं एक जुनं पातळ यात कामी आलं, तेव्हा कुठं लक्षात आलं की व्हिडिओत जे दाखवत नाहीत तिथंच सगळं अडतं. रंग कुणीही उकळतं, कापड रंगाला तयार करायचं कसं ते कुणी सांगत नाही. तुमच्या ओढण्या तरी वाचाव्यात म्हणून हे लिहितेय.

हे धंद्यासाठी नाही हां. ज्यांना स्वतःच्या हातानं एखादी ओढणी, भिंतीवर टांगायचं कापड किंवा भरतकामाच्या खाली घ्यायला तुकडे करायचेत त्यांच्यासाठी आहे. आणि एका संध्याकाळीच काहीतरी हातात हवं असेल तर सरळ स्टेशनरीच्या दुकानातले फॅब्रिक कलर घ्या, ठसा मारा, दिवसभर वाळवा, उलट्या बाजूनं चार-पाच मिनिटं कडक इस्त्री फिरवा, झालं. तो रंग कापडाच्या वर बसतो, हाताला जरा कडक लागतो, पण टिकतो. त्यात कमीपणा काही नाही. मी मात्र हिरडा-तुरटी-मंजिष्ठेच्या रस्त्यानं गेले, कारण त्यात रंग धाग्यात उतरतो आणि सामान सगळं आपल्या गावात मिळतं.

सामानाची यादी

- कोरं सुती कापड, सुरुवातीला दोन मीटर मांजरपाट किंवा साधं पॉपलिन पुरे. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर आहे, सांगलीत कापड पेठेतही मिळतं. कॉटन म्हणून पॉलिस्टर मिक्स गळ्यात मारतात, त्यामुळं एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून भुरभुरीत राख होते, पॉलिस्टरचा काळा कडक मणी होतो.
- हिरड्याची पावडर. गणपती पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल. बाळहिरडा नको, तो औषधात घेतात तो कोवळा, छोटा हिरडा; मोठा हिरडा, बी काढून दळलेला. आपल्याच जावळी-पाटणच्या डोंगरातलं झाड आहे ते, पण दुकानदाराला "कापड रंगवायला" सांगितलं की तो आधी तुमच्याकडं बघतो आणि मग पावडर देतो.
- तुरटी, किराणा दुकानात.
- मंजिष्ठा पावडर, तांबडा रंग देणारी मुळी ती, काष्ठौषधींच्याच दुकानात.
- गंजकं लोखंड आणि काळा गूळ.
- चिंचोक्याचं पीठ. घोंगडीला ज्याची खळ लावतात तेच. नाही मिळालं तर गवार गम चालतो.
- धुण्याचा सोडा. खायचा सोडा नाही! ही चूक मी दोनदा केली.
- स्टीलचं मोठं पातेलं, किचनचा वजनकाटा, प्लास्टिकचा ट्रे, लाकडी डाव, हातमोजे.

पातेलं एकदा रंगाला वापरलं की ते परत आमटीला घ्यायचं नाही. घरच्यांनी कितीही म्हटलं "धुतलंय की" तरी नाही. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं नको, लोखंडी कढई तर अजिबात नको, लोखंडानं सगळे रंग मळकट होतात.

१. सगळ्यात आधी लोखंडाचं पाणी लावून ठेवा

छपाई करायच्या किमान पंधरा दिवस आधी हे करायचं, कारण काळा रंग यातूनच येतो आणि तो विकत मिळत नाही. साधारण एक किलो गंजके खिळे, बोल्ट, तुटके विळे, जे असेल ते, पाव किलो गूळ आणि तीन-चार लिटर पाणी एका प्लास्टिकच्या बादलीत घालून झाकण नुसतं वर ठेवायचं. चकचकीत पांढरे खिळे चालत नाहीत, त्यांना जस्ताचा थर असतो. भंगारवाल्याकडं गेलात तर तो वजनावर आनंदानं देतो.

गूळ आंबतो, त्यातून आंबटपणा तयार होतो, तो लोखंड खातो. वर फेस येतो, वास येतो. उन्हाळ्यात दोन आठवड्यात तयार होतं, थंडीत महिना लागतो. झाकण घट्ट लावायचं नाही, हे मी मोठ्या अक्षरात सांगायला पाहिजे. मी शहाणपणा करून अर्धं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून टोपण पक्कं केलं होतं, रात्री दोन वाजता बाथरूममध्ये बार झाला आणि भिंतीवरचे डाग अजून आहेत.

हिराकस, म्हणजे लोखंडाचा तयार क्षार, वापरूनही काळा येतो आणि पंधरा दिवस थांबावं लागत नाही. पण प्रमाण जरा वाढलं की दोन-तीन वर्षांत कापड छापल्या जागी कुजतं, जुन्या कापडांत काळ्या नक्षीच्या जागी भोकं दिसतात ती लोखंडामुळंच. म्हणून मी गुळाचं पाणीच धरून आहे.

२. कापड उकळा, आणि परत उकळा

इथं घाई केलीत तर पुढचं काहीही वाचवत नाही. कोऱ्या कापडाला मागावर खळ लावलेली असते, शिवाय कापसाचा स्वतःचा मेणचटपणा असतो. त्यावर रंग घातला तर तो वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो, मग आपण रंगाला शिव्या घालतो.

कोरडं कापड आधी वजन करून वहीत लिहा, कारण पुढची सगळी मापं या वजनावर चालतात. मग कापड बुडून हलवता येईल एवढं पाणी घ्या, मीटरभर कापडाला एक चमचा धुण्याचा सोडा आणि थोडी साबणपूड टाका, आणि तासभर उकळा. पाणी चहासारखं तपकिरी होतं. किळस येते पण बघून बरं वाटतं की हे बाहेर आलं. पाणी ओतून द्या, चांगलं खळबळा, मांजरपाट असेल तर परत एकदा तेच करा.

झालं की नाही ते कसं ओळखायचं? कापड वाळवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब अळूच्या पानावर बसतो तसा गोल बसून राहिला तर अजून उकळायला पाहिजे. पडल्या पडल्या शोषला गेला तर कापड तयार. सरळ आहे, पण ही परीक्षा मला पहिले सहा महिने माहीतच नव्हती.

३. हिरडा

सुताला धातूचे क्षार (इथं तुरटी आणि लोखंड) नीट धरून ठेवता येत नाहीत, म्हणून आधी तुरट काहीतरी द्यावं लागतं. लोकर आणि रेशमाला ही भानगड नाही, ते तुरटी सरळ धरतात. कापडाच्या वजनाच्या २० टक्के हिरडा घ्यायचा, म्हणजे १५० ग्रॅमच्या ओढणीला ३० ग्रॅम. थोड्या पाण्यात गुठळ्या मोडा, मग कोमट पाणी वाढवा, कापड त्यात घालून हातानं कालवत रहा. अर्धा तास. मग पिळून, न धुता, कडक उन्हात पसरून वाळवायचं. दोरीवर टाकलं तर दोरीच्या जागी पट्टा उमटतो, म्हणून गच्चीवर जुन्या चादरीवर पसरा. उन्हाकडची बाजू जास्त पिवळी होते, तीच छापायची बाजू.

वाळल्यावर झटकून भुकटी काढा. आणि आता या कापडाला लोखंडाचं काहीही लागू देऊ नका, गंजक्या पत्र्यावर ठेवलं तरी काळा डाग पडतो आणि तो जात नाही.

आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे कलमकारीवाले हिरड्यात म्हशीचं दूध मिसळतात, दुधातल्या स्निग्धतेनं रेष फुटत नाही. मी करून बघितलं. खरंच रेष सुरेख येते, पण कापड गच्चीवर वाळत असताना गल्लीतली सगळी मांजरं वर आली आणि वास चार दिवस. ठसा मारायला दुधाची गरज नाही, कलमानं चित्र काढणार असाल तरच करा.

४. दोन खळी: एक काळी, एक तांबडी

काळीसाठी लोखंडाचं पाणी फडक्यातून गाळा, त्यात चिंचोक्याचं पीठ घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. तांबडीसाठी पाव लिटर गरम पाण्यात २५ ग्रॅम तुरटी विरघळवा आणि तीही तशीच चिंचोक्यानं दाट करा. पीठ किती? पाव लिटरला दोन मोठे चमचे घालून सुरुवात करा, पण चमच्यावर फार विश्वास ठेवू नका. डाव उचलल्यावर खळ तारेसारखी न तुटता पडली पाहिजे, इडलीच्या पिठापेक्षा थोडी पातळ. गार झाल्यावर अजून घट्ट होते हे लक्षात ठेवा. गुठळ्या राहिल्या तर परत फडक्यातून काढा, एक गुठळी ठशाच्या नक्षीत अडकली की पुढचे दहा ठसे खराब.

तुरटीच्या खळीला स्वतःचा रंग नसतो, तांबडा पुढं मंजिष्ठेत उमटतो, त्यामुळं कुठं छापलं तेच कळत नाही. म्हणून तिच्यात चिमूटभर गेरू टाकायचा, तुळशीवृंदावनाला लावतो तोच. तो नंतर धुऊन जातो.

५. ठसे आणि टेबल

गुजरातेतल्या पेथापूरचे, जयपूरचे कोरलेले सागवानी-शिसवी ठसे सुंदर असतात आणि महाग असतात. पहिल्याच दिवशी ते घेऊ नका. मी ऑनलाइन तीन मागवले होते, त्यातला एक मधोमध वाकलेला निघाला, टेबलावर ठेवला की झुलायचा, परत घ्यायला तयार नाहीत. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापला की फूल तयारच असतं, बटाट्यावर सुरीनं त्रिकोण कोरता येतो, कारल्याचा काप तर मला अजून आवडतो. जरा टिकाऊ हवं असेल तर जाड फोमशीट कात्रीनं कापून लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवा. भाजीचे ठसे आधी कापडावर पालथे घालून कोरडे करा, नाहीतर त्यांचंच पाणी खळीत उतरतं.

लाकडी ठसा नवा असेल तर वापरायच्या आधी आठ-दहा दिवस तेलात बुडवून ठेवायचा, म्हणजे पाण्यानं फुगत-तडकत नाही. वापरून झाला की लगेच जुन्या टूथब्रशनं धुवा. वाळलेली खळ टाचणीनं काढत बसायचं काम फार वाईट.

टेबल मऊ लागतं. कडक टेबलावर ठशाच्या कडाच उमटतात, मध्ये पांढरं राहतं. आमच्याकडं जेवणाच्या टेबलावर दोन जुन्या वाकळी, त्यावर प्लास्टिक, त्यावर सुती चादर, आणि मग छापायचं कापड टाचण्यांनी ताणून. ट्रेमध्ये जुन्या घोंगडीचा तुकडा घालून त्यावर खळ ओतायची, वर मलमलचं फडकं. ठसा या फडक्यावर दाबला की खळ बरोब्बर नक्षीपुरतीच लागते, नक्षीच्या खाचांत भरत नाही.

६. छापा

आधी टाकाऊ तुकड्यावर वीसेक ठसे मारा. हात बसतो आणि ठसाही खळ प्यायला लागतो. डावीकडून उजवीकडं जायचं, ठसा ठेवल्यावर हलवायचा नाही, वरून मुठीचा एक ठोका द्यायचा आणि सरळ वर उचलायचा. पेन्सिलीनं रेघा आखून घेतल्यात तर ओळ वाकडी जात नाही, मी आखत नाही आणि माझी जाते.

काळी खळ आधी. ट्रेमध्ये ती मातकट, पातळ चहासारखी दिसते आणि पहिल्यांदा माझी खात्रीच झाली होती की आपलं पंधरा दिवसांचं पाणी फुकट गेलं. ठसा उचलला तेव्हा कापडावर फिकट राखाडी वर्तुळ होतं. मग ते बघता बघता गडद व्हायला लागलं, कडेकडून आत, आधी पारव्याच्या पंखासारखं, मग पाटीसारखं, आणि मी चष्मा पुसून परत बघेपर्यंत काळं. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड भेटले की हे होतं, जुनी लिहायची शाई पण याच मेळातून बनायची. त्या दिवशी मी दुपारचं जेवण विसरले.

काळी सुकली की तुरटीची खळ. दोन्ही एकमेकांवर आल्या तर तिथं पुढं चॉकलेटी-मरून येतो, मुद्दाम करून बघा.

७. थांबा

छापलेलं कापड सावलीत तीन दिवस तसंच ठेवायचं, घडी न घालता. क्षार धाग्यात बसायला वेळ लागतो. तीन दिवसांनी मोठ्या टबमध्ये भरपूर पाणी घेऊन कापड एका दमात पूर्ण बुडवा आणि सतत हलवत रहा. थोड्या पाण्यात भिजत ठेवलंत तर सुटलेली खळ दुसरीकडं जाऊन बसते, तिथं नंतर रंग धरतो आणि सगळं कापड डागाळलेलं. पाणी दोन-तीनदा बदला, बुळबुळीतपणा जाईपर्यंत.

८. मंजिष्ठेचं पातेलं

कापडाएवढ्याच वजनाची मंजिष्ठा रात्री भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर भुकटी कापडाला ठिपक्या-ठिपक्यांनी चिकटते. भरपूर पाण्यात हा अर्क, त्यात ओलं कापड, आणि आच मंद. पाऊण तास घेऊन हळूहळू तापवा. पाणी हाताला सोसणार नाही एवढं कडक झालं पाहिजे पण उकळी फुटू द्यायची नाही, उकळलं की तांबड्याचा तपकिरी होतो. तेवढ्याच आचेवर तासभर ठेवा आणि सारखं खालवर करा. धायटीची वाळकी फुलं मिळाली तर मूठभर टाका, रंग सारखा चढतो; मध्य प्रदेशातल्या बाघ गावच्या छपाईत ती घालतातच.

एकच पातेलं, एकच रंग, पण तुरटी छापली तिथं तांबडा येतो, लोखंड होतं तिथं काळा पक्का होतो, आणि मोकळ्या जागी फिकट गुलाबी झाक राहते. ती झाक घालवायला कापड धुऊन गच्चीवर उन्हात पसरा, वाळलं की पाणी शिंपडा, परत वाळू द्या, दोन-तीन दिवस. मोकळी जागा हळूहळू उजळते, नक्षी तशीच राहते.

पाण्याबद्दल एक. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही असलं. मंजिष्ठेला ते उलट मानवतं, त्यातल्या कॅल्शियमनं तांबडा खुलतो. पण डाळिंबाच्या सालीचा किंवा झेंडूचा पिवळा करायचा असेल तर फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी घ्या. आटपाडीची डाळिंबं सांगलीत मुबलक, ज्यूसवाल्याला पिशवी देऊन ठेवली की तो साली भरून देतो. तुरटी दिलेल्या कापडावर मोहरीसारखा पिवळा येतो, आणि टिकतो.

इथं सगळे फसतात

हळद. सांगलीत राहून हळदीनं रंगवायचं नाही म्हणजे काय, हा माझाही पहिला विचार. आपल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, हळद साठवायच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो. आणि रंग चढतोही असा भन्नाट की वाटतं बाकी काही नकोच. मी पहिला स्टोल हळदीनं रंगवून बहिणीला दिला. तिनं साबणानं धुतला, तो जागोजागी विटकरी झाला, तिचा फोन आला, "ताई, ह्याला रक्त लागल्यासारखं दिसतंय." हळदीत साबण-सोड्यासारखं अल्कधर्मी काही पडलं की ती लाल होते, हळदीत चुना घालून कुंकू करतात ते उगीच नाही. पाण्यानं परत पिवळा झाला, पण महिनाभर उन्हात वापरून पांढरट पडला. हळद उन्हात टिकत नाही. लग्नाच्या एका दिवसापुरतं काही करायचं असेल तर ठीक.

बीट, जास्वंद, जांभूळ, तांबडा माठ हे पण तसलेच. पातेल्यात फार देखणे, दोन धुण्यात गायब.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. तासगावकडं द्राक्षवाल्यांच्या घरात बागेवरच्या बोर्डो फवारणीसाठी असतोच, आणि त्यानं हिरवट छटा येतात हे खरं. पण तो विषारी आहे, स्वयंपाकघराच्या आसपास नको आणि मोरीतून सोडायला तर नकोच.

आणि फुलं ठोकून कापडावर उमटवायची हौस असेल तर दारातली शेवंती, अबोलीची पानं, परसातलं काहीही घ्या, कास पठारावर जाऊन फुलं तोडू नका. तिथं तोडायला बंदी आहे आणि ती फुलं तशीही टिकाऊ रंग देत नाहीत.

थोडं पुढचं: लिंबू

हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग. हिरडा दिलेलं कापड लोखंडाच्या पातळ पाण्यात बुडवून सगळंच राखाडी करायचं, धुऊन वाळवायचं. मग लिंबाचा रस चिंचोक्यानं दाट करून त्याचे ठसे मारायचे. आंबटानं लोखंड सुटतं आणि राखाडीवर फिकट पिवळी नक्षी उघडी पडते. पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्यात धुवा. याचाच दुसरा अर्थ असा की काळी नक्षी असलेल्या कापडावर जेवताना लिंबू पिळायचं नाही.

तयार कापड रिठ्यानं किंवा सौम्य साबणानं धुवा, सावलीत वाळवा. प्रत्येक प्रयोगाची बोटभर चिंधी वहीत स्टेपल करून बाजूला वजन, दिवस, पाणी कुठलं ते लिहा. माझ्या वहीत सगळ्यात सुंदर तांबड्याच्या शेजारी काहीच लिहिलेलं नाही आणि तो मला परत कधी आलेला नाही. बिघडलेले तुकडे फेकू नका, सासूबाई माझ्या बिघडलेल्या तुकड्यांची वाकळ शिवतायत, त्यांच्या मते पातळाची भरपाई अजून झालेली नाही.

लोखंडाचं पाणी मात्र फेब्रुवारी संपता संपता लावा. पाडव्याच्या आसपास तयार होतं, आणि वळीव यायच्या आत छापायला, वाळवायला कडक ऊन मिळतं. पावसाळ्यात हे काम काढू नका, हिरडा दिलेलं कापड ओलसर राहिलं की बुरशी धरते.